इलेक्ट्रिक गाडीला क्लच नाही, मग पेट्रोल-डिझेल गाडीलाच का लागतो?

नवशिका_एमएच१३

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकच वाक्य ऐकायला मिळतं: "क्लच दाबा, नाहीतर गाडी बंद पडंल." बंद का पडते ते कुणी सांगत नाही. ई-रिक्षात आणि इलेक्ट्रिक कारमध्ये क्लचचं पेडलच नसतं. मग इंजिनाच्या गाडीलाच तो का? गिअर आहेत म्हणून क्लच आहे, की कारण वेगळं आहे?

सोबत दोन व्यवहारातले प्रश्न. सोलापुरात सात रस्ता किंवा आसरा चौकात सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबावं, की न्यूट्रल करावं? आणि रेल्वे पुलाच्या चढावर गर्दीत गाडी हाफ क्लचवर (पेडल अर्धवट सोडून) धरून ठेवली, तर नक्की काय झिजतं आणि किती? गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, पाच गिअर, केबलचा क्लच. आकडे देऊन सांगितलंत तर बरं होईल.

---

टॉपगिअर_विजापूररोड

गिअर बदलताना दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून क्लच असतो. इलेक्ट्रिकला गिअर बदलायचे नसतात, म्हणून तिथे नाही. विषय संपला.

---

फ्लायव्हील

संपला नाही मालक, अर्धाच झाला. गाडीला एकच गिअर असता, तो कधी बदलायचा नसता, तरीही क्लच लागलाच असता. मूळ अडचण गाडी उभी असते तेव्हाची आहे.

उलट्या बाजूने बघू. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेज वाफेच्या इंजिनांना क्लच नव्हता. बॉयलरमध्ये वाफ आधीच दाबाखाली तयार असायची. रेग्युलेटर (वाफेची झडप) उघडला की चाक जागचं हललेलं नसतानाही पिस्टनवर जोर यायचा. विजेच्या मोटरचंही तसंच: शून्य आरपीएमला (मिनिटाला शून्य फेऱ्या) करंट सोडला की तिथेच भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. अशी यंत्रं चाकाला कायमची जोडून ठेवली तरी चालतात.

पेट्रोल-डिझेल इंजिनाकडे असा तयार दाब शिल्लक नसतो. तो त्याला दर फेरीत नव्याने तयार करावा लागतो: हवा-इंधन ओढायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर ढकलायचा. हे चार स्ट्रोक म्हणजे क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) दोन फेऱ्या, आणि त्यातला एकच स्ट्रोक ताकद देतो. बाकीचे तीन ताकद खातात. ही उधारी फ्लायव्हील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरचं जड चाक, भागवतं: आधीच्या स्फोटातून मिळालेली गती साठवून पुढच्या कॉम्प्रेशनवरून पिस्टनला पार नेतं.

फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. आयडलिंगला ८०० आरपीएम धरा. चार सिलिंडरच्या इंजिनात तेव्हा सेकंदाला साधारण २७ स्फोट होतात. वेग ४०० वर आला की स्फोट निम्मे होतात, पण फ्लायव्हीलमधली ऊर्जा एक चतुर्थांशच उरते. तेवढ्यात, त्यातून गाडी ओढायचं ओझं असताना, पुढचं कॉम्प्रेशन पार होत नाही. इंजिन धडधडतं, हिसका देतं आणि बंद पडतं. म्हणूनच ते थांबलेल्या अवस्थेतून स्वतःहून सुरूही होऊ शकत नाही. स्टार्टर मोटरने त्याला आधी २०० ते २५० आरपीएमने फिरवावं लागतं.

आता तुमची गाडी घेऊ. पहिल्या गिअरचा रेशो ३.५ आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचा शेवटचा रेशो) ४.१ धरला, तर एकूण १४.३५. म्हणजे इंजिनाच्या १४.३५ फेऱ्यांत चाकाची एक. टायरचा घेर साधारण १.८ मीटर. ८०० आरपीएमला चाक मिनिटाला ५५-५६ फेरे घेईल आणि गाडी मिनिटाला १०० मीटर जाईल, म्हणजे ताशी ६ किलोमीटर. गाडी पहिल्या गिअरमध्ये आयडलिंगवर याहून हळू चालूच शकत नाही.

सिग्नलला चाकाचा वेग शून्य आणि इंजिन ८०० वर. दोघांना एकदम जोडलं तर एक तर गाडीने त्याच क्षणी ६ चा वेग घ्यायचा, नाहीतर इंजिनाने शून्यावर यायचं. अकराशे किलोच्या गाडीपुढे फ्लायव्हील हरतं. तुमच्या मास्तरांचं "बंद पडंल" ते हेच.

शून्य ते सहा या मधल्या पट्ट्यासाठी क्लच आहे. एका बाजूला इंजिन ८०० ने फिरतंय, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचा शाफ्ट उभा आहे, आणि तरी मधून टॉर्क जातोय, हे घासणाऱ्या दोन पृष्ठभागांनीच जमतं: स्प्रिंगच्या जोरावर प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते, पेडल दाबलं की सोडते. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: क्लच घसरत असताना टॉर्क कमी होत नाही, जेवढा आत तेवढाच बाहेर. हरवतो तो वेग. टॉर्क गुणिले दोन्ही बाजूंच्या वेगातला फरक, एवढी शक्ती उष्णता होऊन प्लेटवर जाते.

म्हणून घसरणं हा क्लचचा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. फक्त ते दोन-तीन सेकंदांत उरकलं पाहिजे.

---

सिंक्रो_रिंग

वरचं बरोबर, पण टॉपगिअर यांचा मुद्दाही अगदीच टाकाऊ नाही. क्लचचं दुसरं काम गिअर बदलतानाचं आहे आणि तिथेही इंजिनाचा स्वभावच कारण आहे. १.२ लिटर पेट्रोलचा पूर्ण टॉर्क, साधारण ११० ते ११५ न्यूटन-मीटर, चार हजार आरपीएमच्या आसपास मिळतो. खाली तो बराच कमी. कामाचा पट्टा अरुंद, म्हणून पाच गिअर. मोटरचा पट्टा रुंद, म्हणून बहुतेक इलेक्ट्रिक कारना एकच रेशो पुरतो.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बघा. दुसऱ्याचा रेशो १.९, तिसऱ्याचा १.३ धरा. दुसऱ्यात ३,००० आरपीएमला गाडी ताशी ४१-४२ किमीने चालते. त्याच वेगाला तिसऱ्यात इंजिन २,०५० वर असायला हवं. हा साडेनऊशे आरपीएमचा फरक सिंक्रोनायझरची (गिअर जुळण्याआधी वेग सारखे करणाऱ्या भागाची) पितळी रिंग घासून मिटवते. क्लच दाबलेला असेल तर तिला फक्त इनपुट शाफ्ट आणि त्यावरची क्लच प्लेट हळू करायची असते, काही किलोचं काम. क्लच न दाबता गिअर ढकलला तर त्याच बिचाऱ्या रिंगला फ्लायव्हीलसकट अख्खं इंजिन आवरायचं असतं. मग कर्र्र आवाज येतो आणि दातांची टोकं झडतात.

दुसरं म्हणजे टॉर्क जात असताना दात एकमेकांत घट्ट दाबलेले असतात, गिअर निघतच नाही. क्लच दाबला की तो ताण सुटतो.

जाता जाता: चालत्या गाडीत आरपीएम अचूक जुळवून क्लचशिवाय गिअर टाकता येतो, जुने ट्रकवाले टाकतात. पण उभी गाडी क्लचशिवाय इंजिनाच्या जोरावर हलवणं कुणालाच जमत नाही. यावरून कुठलं काम मूळ आणि कुठलं जोडकाम ते ठरवा.

---

नवशिका_एमएच१३

समजलं. मग ऑटोमॅटिक गाडी आणि स्कूटरला क्लच नसूनही कसं चालतं?

---

फ्लायव्हील

पेडल नाही, क्लच आहे. स्कूटरमध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच असतो: आरपीएम वाढले की त्याचे शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात. मोटरसायकलमध्ये हाताचा, तेलात बुडालेला मल्टिप्लेट. एएमटी (आपोआप गिअर बदलणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या) कारमध्ये तुमच्यासारखाच कोरडा क्लच आणि साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त दाबायचं काम पायाऐवजी अ‍ॅक्च्युएटर (यांत्रिक हात) करतो. त्यामुळे एएमटी गाडी चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवली तर तिचीही प्लेट जळते, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. डीसीटीत (ड्युअल क्लच ऑटोमॅटिकमध्ये) दोन क्लच. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घर्षणाऐवजी तेल घसरतं, म्हणून ब्रेकवर पाय ठेवून डी मध्ये थांबलं तरी इंजिन बंद पडत नाही.

खरोखर क्लच नसलेली इंजिनाची वाहनंही आहेत. रेल्वेचं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन घ्या: डिझेल इंजिन फक्त वीज तयार करतं, चाकं मोटर फिरवतात. टोयोटाच्या स्ट्राँग हायब्रिडमध्येही गाडी जागची हलवायला मोटर असते आणि प्लॅनेटरी गिअरमुळे इंजिन हवं तेव्हा सामील होतं. म्हणजे उभ्या गाडीला हलवणारं दुसरं कुणी असेल तर क्लचला सुट्टी.

---

गॅरेज_अक्कलकोटरोड

आता पुलाच्या चढाचा हिशेब, कारण खरा पैसा तिथे जळतो.

आधी सपाट रस्त्यावरून नीट सुटलेली गाडी घ्या. इंजिन १,२०० आरपीएमवर धरून क्लच सोडला तर गाडी ताशी ९ किमीला पोचल्यावर घसरणं थांबतं. या काळात प्लेटमध्ये जाणारी उष्णता साधारण गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेएवढी असते. ११०० किलोला सुमारे साडेतीन किलोज्यूल. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचं बीड एवढी उष्णता सहज पिऊन टाकतं.

आता ५ टक्के चढ. गाडी मागे ओढणारा जोर सुमारे ५४० न्यूटन. तो पेलायला क्लचवर साधारण ११ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. इंजिन १,५०० आरपीएमला, गाडी जागची जागी, म्हणजे सगळाच वेग घसरणीत. उष्णता १.७ किलोवॅट, जवळपास घरच्या गिझरएवढी, आणि ती बंद बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कव्हरात). अर्धा मिनिट धरलं तर ५० किलोज्यूल, म्हणजे चौदा-पंधरा वेळा गाडी सुटण्याएवढं काम. चढ १० टक्के असेल तर दुप्पट. तुळजापूरच्या घाटात मागे चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन असं उभं राहणाऱ्यांना वास का येतो, ते यावरून कळेल. तो वास लायनिंगमधल्या (प्लेटवरच्या घासणाऱ्या थरातल्या) रेझिनचा असतो. ते एकदा जळलं की पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, पकड कमी होते, पकड कमी म्हणून आणखी घसरतं. एकदा ही साखळी सुरू झाली की प्लेट वाचत नाही.

चांगल्या क्लचची पकड किती असते तेही बघा. प्रेशर प्लेटचा दाब ४,००० न्यूटन, घर्षणांक ०.३, सरासरी त्रिज्या ८५ मिलिमीटर, दोन बाजू. गुणाकार केला की २०४ न्यूटन-मीटर. इंजिन देतं ११३. ही जास्तीची पकड झीज आणि उष्णता धरूनच ठेवलेली असते. पेडलवर पाय टेकवून चालवलं की प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगचा दाब थोडा कमी होतो, म्हणजे हीच राखीव पकड तुम्ही रोज खाता.

चढावर काय करायचं: हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, क्लच हळू सोडत जा. बॉनेट किंचित उचललं किंवा इंजिनाचा आवाज जड झाला की थांबा, अ‍ॅक्सिलरेटर १,५०० पर्यंत द्या, हँडब्रेक सोडा, मग क्लच पूर्ण सोडा. गाडी धरून ठेवायचं काम ब्रेकचं.

सिग्नलचं: आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबलेला असताना प्लेट घासत नाही, हे खरं. पण रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर स्प्रिंग ढकलणारं बेअरिंग) तेवढा वेळ स्प्रिंगच्या बोटांचा दाब घेत फिरत राहतं, केबलवरही ताण राहतो. बेअरिंग स्वस्त आहे, पण ते बदलायलाही गिअरबॉक्स खालीच उतरवावा लागतो.

---

गॅरेज_अक्कलकोटरोड

लक्षणं वेगळी लिहितो, कारण क्लच म्हटलं की लोक थेट पूर्ण सेट बदलून घेतात.

स्लिप होतोय का: चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० ला एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि स्पीड तिथेच राहिला, तर स्लिप. कारणं: प्लेट संपली, केबलला फ्री प्ले (मोकळी चाल) नाही, डायफ्राम स्प्रिंग बसली, किंवा लायनिंगवर तेल. तेल असेल तर नुसती प्लेट बदलून उपयोग नाही. क्रँकचा मागचा ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट सील गळतोय, तो त्याच वेळी बदला. नाहीतर नवीन प्लेटही तेलात.

पूर्ण सुटत नाही, म्हणजे ड्रॅग: क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्र आवाज आला तर प्लेट अजून फिरतेय. केबल सैल, हायड्रॉलिक असेल तर हवा, प्लेट वाकडी, किंवा प्लेटचा हब स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) अडकतोय. याला गिअरबॉक्सचा दोष समजून बॉक्स उघडणारे महाभाग आहेत.

आवाज: न्यूट्रलमध्ये पेडल दाबलं की आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. पेडल दाबलं की आवाज जातो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. ही तपासणी फुकट आहे, आधी करा.

सुटताना गाडी थरथरते: फ्लायव्हीलवर निळे-काळे चट्टे, लायनिंगवर तेलाचा अंश, किंवा सरळ इंजिन माउंटिंग फाटलंय. माउंटिंग पहिलं बघा, ते वरूनच दिसतं.

प्लेट बदलताना ज्यावरून काम बिघडतं ते एवढंच. प्लेटच्या हबची उंच बाजू सहसा गिअरबॉक्सकडे, आणि खूण असेल तर खुणेप्रमाणेच. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही आणि सगळं परत उतरवावं लागतं. सेंटरिंग टूलशिवाय प्रेशर प्लेट आवळू नका, बॉक्स बसणार नाही. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, ८ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा. स्प्लाइनवर ग्रीस बोटाला लागेल इतपतच, जास्तीचं ग्रीस फिरून लायनिंगवर उडतं. फ्लायव्हील आणि नवीन प्रेशर प्लेटचा पृष्ठभाग क्लीनरने पुसा, कारखान्यातून गंज रोखणारा तेलाचा थर असतो. जुन्या प्लेटमध्ये रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या पृष्ठभागाखाली ०.३ मिमी किंवा त्याहून कमीच उरलं असेल तर ती परत बसवू नका. नवीन प्लेटवर पहिले चार-पाचशे किलोमीटर ओढाताण नको.

डिझेलला ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं) असेल तर ते लेथवर लावायचं नाही. गेलं तर बदलायचं, आणि महाग असतं.

---

ऊसवाहतूक_पंढरपूर

ट्रॅक्टरवाल्यांसाठी जोड. हंगामात दोन ट्रॉल्या उसाने भरून कारखान्याच्या रांगेत पाव-पाव फूट पुढे सरकायचं असतं. तिथे हाय रेंजचा दुसरा गिअर टाकून हाफ क्लचवर ओढणारे एका हंगामात प्लेट संपवतात. लो रेंज, पहिला गिअर, आरपीएम कमी, आणि क्लच पूर्ण सोडून द्यायचा. ट्रॅक्टर आयडलिंगलाच इतका हळू चालतो की घसरवायची गरजच पडत नाही. फ्लायव्हील यांनी सांगितलेला ताशी ६ चा आकडा इथे एक-दोनवर येतो, कारण रेशो खूप मोठा असतो.

ड्युअल क्लच असलेल्या ट्रॅक्टरात पेडल अर्धं दाबलं की चाकांचा क्लच सुटतो, पूर्ण दाबलं की पीटीओचा (अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टचा). रोटाव्हेटर चालू ठेवून फक्त ट्रॅक्टर थांबवायचा असेल तर अर्धंच दाबा. दोन्ही प्लेटांची अ‍ॅडजस्टमेंट वेगवेगळी असते. पीटीओ थांबत नाही म्हणून चाकांच्या बाजूची नट फिरवू नका. जड कामासाठी सिरामिक बटणाच्या प्लेटा मिळतात, उष्णता जास्त सोसतात, पण पकडतात झटक्यात. त्यावर हाफ क्लचची सवय चालतच नाही.

---

नवशिका_एमएच१३

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: माझा क्लच पेडलच्या अगदी वरच्या टोकाला पकडतो. प्लेट संपली असं समजायचं का?

---

गॅरेज_अक्कलकोटरोड

लगेच नाही. प्लेट पातळ होत जाते तशी डायफ्रामची बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि केबलच्या क्लचमध्ये फ्री प्ले कमी होतो, म्हणून पकड वर जाते. हाताने पेडल दाबून बघा: जड लागायच्या आधी साधारण १५ ते २५ मिमी मोकळी चाल हवी, नेमकी किती ते मॅन्युअलमध्ये. नसेल तर गिअरबॉक्सकडच्या टोकाचा लॉकनट सैल करून केबल थोडी सैल करा. चाल आली, पकड खाली आली आणि चौथ्या गिअरच्या चाचणीत स्लिप नाही, तर प्लेटला अजून आयुष्य आहे. अ‍ॅडजस्टरचे आटेच संपले असतील तर मात्र बॉक्स उतरवायची तयारी ठेवा. केबलला आतून तारा तुटल्यासारखी खरखर लागत असेल तर ती आधी बदला. आपल्याकडच्या धुळीत पेडल जड व्हायचं कारण बऱ्याचदा केबलच असते.